घटक ५ : लॉर्ड शाफ्ट्सबरी – बालश्रम, कायदा आणि शाळा

५.१ उद्दिष्टे

या घटकाचा अभ्यास केल्यानंतर आपणांस
– लॉर्ड शाफ्ट्सबरी यांच्या जीवनातील प्रमुख टप्पे सांगता येतील;
– इंग्लंडमधील बालश्रमविषयक कायदे एकामागून एक का करावे लागले, हे स्पष्ट करता येईल;
– कामाचे तास आणि शाळा यांचा परस्परसंबंध विशद करता येईल;
– या चळवळीचा मुंबईच्या गिरण्यांशी आलेला संबंध सांगता येईल.

५.२ प्रस्तावना

विद्यार्थी मित्रहो, चरित्र वाचताना आपण एका व्यक्तीचा जीवनक्रम समजून घेत असतो. या घटकात त्याबरोबर एका शब्दाचाही इतिहास पाहावयाचा आहे. तो शब्द म्हणजे ‘मूल’. मूल कोणाला म्हणावे, हा प्रश्न आपणांस विचारण्याजोगाही वाटणार नाही. पण दोनशे वर्षांपूर्वीच्या इंग्लंडमध्ये या प्रश्नाला कायद्यापाशी निश्चित उत्तर नव्हते. सात वर्षांचा मुलगा गिरणीत कामाला लागला, की मालकाच्या हिशेबात तो मजूरच ठरे. फरक एवढाच, की त्याची मजुरी कमी असे. गिरणीत किती माणसे आहेत हे सांगताना इंग्रजीत ‘इतके हात’ असे म्हणण्याची रीत होती. हात मोजले जात तेव्हा वय मोजण्याचे कारण उरत नसे.

मुले पूर्वीही काम करीत होती. शेतात, गोठ्यात, मागावर आईबापांना हातभार लावणे हा घरोघरचा रिवाज होता. अठराव्या शतकाच्या उत्तरार्धात सूतकताईची यंत्रे आली. रिचर्ड आर्कराइट यांनी १७७१ मध्ये क्रॉमफर्ड येथे पाण्याच्या शक्तीवर चालणारी सूतगिरणी उभारली आणि नंतर अशा गिरण्या वाढत गेल्या. यंत्राला दमणूक नसते, म्हणून यंत्राजवळ उभ्या असलेल्या माणसालाही दमण्याची मुभा राहिली नाही. तुटलेले धागे सांधणे, चालत्या यंत्राखाली शिरून कापसाचा गाळ झाडणे, भरलेल्या चात्या बदलणे ही कामे लहान बोटांची आणि लहान अंगाची. त्यासाठी शहरांतील अनाथालयांतून मुले गाड्या भरून गिरण्यांकडे पाठविली जाऊ लागली.

या परिस्थितीविरुद्ध जे लढले, त्यांत लॉर्ड शाफ्ट्सबरी यांचे नाव अग्रभागी घेतले जाते. ते कामगार नव्हते, गिरणीमालकही नव्हते. ते सरदार घराण्यातील, जुन्या विचारांचे आणि अतिशय धर्मनिष्ठ असे गृहस्थ होते. अशा माणसाने आयुष्याची पन्नासहून अधिक वर्षे या एका प्रश्नाला का द्यावीत, आणि त्या श्रमातून नेमके काय साधले, हे आता पाहू.

५.३ बालपण आणि जडणघडण

अँथनी ॲश्ली कूपर यांचा जन्म २८ एप्रिल १८०१ रोजी लंडन येथे झाला. त्यांचे वडील १८११ मध्ये शाफ्ट्सबरीचे सहावे अर्ल झाले. ज्येष्ठ पुत्र या नात्याने अँथनी यांना पुढे लॉर्ड ॲश्ली हे उपपद मिळाले. १८५१ मध्ये वडिलांच्या मृत्यूनंतर ते सातवे अर्ल झाले आणि तेव्हापासून ते शाफ्ट्सबरी या नावाने ओळखले जाऊ लागले. म्हणून १८५१ पूर्वीच्या घटना सांगताना येथे ॲश्ली हे नाव वापरले आहे.

घर श्रीमंत होते, पण मुलाच्या वाट्याला त्या घरात माया आली नाही. वडील कठोर, आई आपल्या मानमरातबात गुंतलेली. त्या घरात ॲश्ली यांना जीव लावणारी एकच व्यक्ती होती : घरकाम सांभाळणारी मरिया मिलिस. तिने त्यांना प्रार्थना शिकविली, बायबलमधील गोष्टी सांगितल्या. ते शाळेत असतानाच ती वारली. मरताना तिने आपले सोन्याचे घड्याळ त्यांच्यासाठी ठेवले होते. उमरावाच्या घरी घड्याळांना तोटा नसतो. तरीही ॲश्ली यांनी जन्मभर हेच घड्याळ वापरले.

चिझिक येथील पहिली शाळा त्यांना नरकासमान वाटली. मुलांना मारहाण, घाण आणि मोठ्या मुलांची दांडगाई यांचा अनुभव त्यांनी तेथे घेतला. पुढे ते हॅरो येथील नामांकित शाळेत गेले. तेथे पौगंडावस्थेत असताना त्यांनी एका दरिद्री माणसाची अंत्ययात्रा पाहिली. मागे रडणारे कोणी नव्हते. दारू प्यालेली काही माणसे शवपेटी वाहून नेत होती आणि ती त्यांच्या हातून निसटली. गरीब माणसाला मेल्यावरही मान मिळत नाही, हे पाहून त्या मुलाने आपले आयुष्य अशांसाठी वेचण्याचा निश्चय केला, असे ते पुढे सांगत असत.

ऑक्सफर्डमधील शिक्षण त्यांनी १८२२ मध्ये प्रथम वर्गात पूर्ण केले आणि १८२६ मध्ये वयाच्या पंचविसाव्या वर्षी ते हाउस ऑफ कॉमन्समध्ये निवडून आले. १८२८ मध्ये हिंदुस्थानच्या कारभारावर देखरेख ठेवणाऱ्या नियंत्रण मंडळावर त्यांची नेमणूक झाली. त्याच सुमारास मनोरुग्णांच्या दुःस्थितीकडे त्यांचे लक्ष गेले आणि वेड्यांच्या इस्पितळांची पाहणी करण्याचे काम त्यांनी हाती घेतले. हे काम त्यांनी अखेरपर्यंत सोडले नाही. या कामात त्यांना एक सवय लागली : ऐकीव गोष्टींवर विश्वास न ठेवता स्वतः जाऊन पाहावयाचे आणि मगच बोलावयाचे. गिरण्या आणि खाणींच्या लढ्यात हीच सवय त्यांचे मोठे बळ ठरली.

५.४ गिरणीतील मुले आणि १८३३ चा कायदा

बालश्रमाविरुद्धची चळवळ ॲश्ली यांनी सुरू केली नाही. १८०२ आणि १८१९ मध्ये यासंबंधी कायदे झालेले होते. १८१९ च्या कायद्याने कापसाच्या गिरण्यांत नऊ वर्षांखालील मुलांना कामावर ठेवण्यास मनाई केली आणि सोळा वर्षांपर्यंतच्या मुलांसाठी दिवसाला बारा तासांची मर्यादा घातली. पण हा कायदा पाळला जातो की नाही, हे पाहणारा अधिकारीच नेमलेला नव्हता. त्यामुळे कायदा कागदावर राहिला.

१८३० नंतर यॉर्कशरमध्ये रिचर्ड ओस्लर यांनी गिरण्यांतील मुलांच्या स्थितीवर जळजळीत लेखन सुरू केले. संसदेत मायकेल सॅडलर यांनी तरुण कामगारांसाठी दहा तासांच्या मर्यादेचे विधेयक मांडले आणि १८३२ मध्ये त्यांच्या अध्यक्षतेखालील समितीपुढे अनेक कामगारांनी साक्षी दिल्या. परंतु त्याच वर्षाच्या अखेरीस झालेल्या निवडणुकीत लीड्समधून सॅडलर पराभूत झाले. त्या लढतीत विजयी झालेल्या उमेदवारांपैकी एक म्हणजे टॉमस बॅबिंग्टन मेकॉले. हिंदुस्थानातील इंग्रजी शिक्षणाच्या धोरणाशी ज्यांचे नाव जोडले गेले, तेच हे मेकॉले. पुढे १८४६ मध्ये याच मेकॉले यांनी दहा तासांच्या विधेयकाच्या बाजूने संसदेत भाषण केले. सार्वजनिक मत बदलण्यास किती वर्षे लागतात, याचे हे बोलके उदाहरण आहे.

सॅडलर गेल्यामुळे चळवळीला संसदेत वाली उरला नाही. १८३३ च्या फेब्रुवारीत जॉर्ज बुल नावाचे धर्मोपदेशक ॲश्ली यांच्याकडे आले आणि त्यांनी हे काम अंगावर घेण्याची विनंती केली. ॲश्ली यांना गिरण्यांची फारशी माहिती नव्हती. या कामाने राजकीय भवितव्य धोक्यात येईल, हे मात्र ते जाणून होते. पत्नी एमिली हिच्याशी विचारविनिमय करून त्यांनी होकार दिला.

ॲश्ली यांची मागणी अशी, की अठरा वर्षांखालील कोणाकडूनही दहा तासांपेक्षा अधिक काम घेऊ नये. मुले आणि तरुण यांच्यावाचून यंत्रे चालत नसत. म्हणून त्यांचे दहा तास संपताच गिरणी थांबेल आणि प्रौढ कामगारांनाही विश्रांती मिळेल, असा या मागणीमागील हिशेब होता. सरकारने हे ओळखले. त्याने चौकशी आयोग नेमला आणि स्वतःचा निराळा कायदा केला. १८३३ च्या या कायद्यातील मुख्य तरतुदी पुढीलप्रमाणे होत्या :

– कापडगिरण्यांत नऊ वर्षांखालील मुलांना काम देऊ नये (रेशमाच्या गिरण्या वगळून);
– नऊ ते तेरा वर्षांच्या मुलांना दिवसाला नऊ आणि आठवड्याला ४८ तासांपेक्षा अधिक काम देऊ नये;
– तेरा ते अठरा वर्षांच्या तरुणांना दिवसाला बारा तासांपेक्षा अधिक काम देऊ नये;
– अठरा वर्षांखालील कोणालाही रात्रपाळी देऊ नये;
– लहान मुलांना रोज दोन तास शाळेत पाठवावे;
– या सर्वांवर देखरेख ठेवण्यासाठी चार निरीक्षक नेमावेत.

ॲश्ली यांच्या दृष्टीने हा पराभव होता, कारण मुलांच्या पाळ्या लावून गिरणी पूर्वीइतकाच वेळ चालविण्याची मालकांना सोय झाली. तथापि, या कायद्यात दोन नव्या गोष्टी होत्या. पहिली म्हणजे निरीक्षक. दुसरी म्हणजे शाळा. मजुरी करणाऱ्या मुलाच्या दिवसात शिक्षणाचा वाटा असलाच पाहिजे, हे तत्त्व कायद्याने, दोन तासांपुरते का होईना, मान्य केले.

५.५ वय कसे ठरवावयाचे?

कायद्याने ‘मूल’ या शब्दाची व्याख्या केली, आणि लगेच व्यवहारातील अडचण उभी राहिली. समोर उभा असलेला मुलगा नऊ वर्षांचा आहे की सात, हे सांगणार कोण? इंग्लंडमध्ये जन्माची सरकारी नोंद १८३७ मध्ये सुरू झाली. तोपर्यंत वयाचा भरवशाचा पुरावा बहुतेकांपाशी नव्हता. मग डॉक्टर मुलाची उंची पाहून, दात पाहून दाखला देत. मजुरीची गरज असलेले आईबापही वय वाढवून सांगत. त्यांना दोष देणे सोपे आहे. पण त्या मजुरीवाचून घरात चूल पेटण्याची पंचाईत असे, हेही आपण लक्षात घेतले पाहिजे.

शाळेची अवस्था याहून वाईट होती. कायद्याने हजेरीचा दाखला मागितला, पण शाळा कोणाला म्हणावे हे सांगितले नाही. परिणामी कोठे गिरणीतला कोळसा टाकणारा गडीच गुरुजी झाला, तर कोठे एखाद्या म्हातारीच्या खोलीत मुले दाटीवाटीने बसविली गेली. स्वतःची सहीही करता न येणाऱ्या शिक्षकांनी फुली मारून दिलेले दाखले निरीक्षकांच्या पाहण्यात आले. लेनर्ड हॉर्नर यांच्यासारख्या निष्ठावान निरीक्षकांनी हे सर्व आपल्या अहवालांत वर्षानुवर्षे नोंदविले. पुढच्या प्रत्येक सुधारणेला लागणारी माहिती या अहवालांनीच पुरविली.

५.६ खाणींतील मुले : १८४२

१८४० मध्ये ॲश्ली यांच्या प्रयत्नाने मुलांच्या कामाविषयी नवा चौकशी आयोग नेमला गेला. गिरण्या निदान रस्त्यावरून दिसत होत्या; कोळशाच्या खाणी जमिनीखाली होत्या आणि तेथील जीवन शिष्ट समाजाने पाहिलेलेच नव्हते. १८३८ मध्ये यॉर्कशरमधील सिल्कस्टन येथे वादळी पावसात ओढ्याचे पाणी खाणीत शिरून २६ मुलामुलींचा बुडून मृत्यू झाला, तेव्हा इतकी लहान मुले खाणीत काय करीत होती, हा प्रश्न अनेकांना प्रथमच पडला.

आयोगाचा अहवाल मे १८४२ मध्ये प्रसिद्ध झाला. पाच-सहा वर्षांची मुले खाणीतील हवेचे दार उघडण्यासाठी आणि मिटण्यासाठी काळोखात दिवसभर एकटी बसत. त्यांहून मोठी मुले आणि मुली कमरेला पट्टा आणि पायांमधून साखळी घालून, रांगत, कोळशाच्या गाड्या ओढत. अहवालात या दृश्यांची रेखाचित्रे छापली होती. शब्दांनी जे साधले नसते ते चित्रांनी साधले.

७ जून १८४२ रोजी ॲश्ली यांनी सुमारे दोन तास भाषण करून विधेयक मांडले. त्या दिवशी त्यांनी आवेशापेक्षा तपशिलावर भर दिला : कोणत्या जिल्ह्यात, कोणत्या वयाची मुले, किती तास. सभागृह हेलावले. हाउस ऑफ लॉर्ड्समध्ये मात्र खाणमालक उमरावांनी विधेयकाला कात्री लावली. मुलांसाठी मागितलेली तेरा वर्षांची मर्यादा दहावर आली. तरीही स्त्रिया, मुली आणि दहा वर्षांखालील मुलगे यांना जमिनीखाली काम देण्यास कायद्याने बंदी घातली गेली.

या यशाला दुसरी बाजू आहे. खाणीतून बाहेर काढलेल्या अनेक स्त्रियांना दुसरे काम मिळाले नाही आणि त्यांच्या कुटुंबांची मिळकत बुडाली. बंदी घालणारा कायदा पर्यायी उपजीविका देत नाही. बालश्रमाचा विचार करताना हा पेच आजही आपल्यासमोर असतो.

५.७ अर्धा दिवस शाळा आणि दहा तासांचा कायदा

१८४३ मध्ये सरकारने कारखान्यांतील मुलांसाठी शाळा काढण्याची योजना आणली. त्या शाळांवर प्रस्थापित चर्चचे नियंत्रण राहणार होते, म्हणून अन्य पंथीयांनी तीव्र विरोध केला आणि योजना मागे घ्यावी लागली. मुलांना शिकवावे की नाही, याविषयी वाद नव्हता. कोणत्या पंथाच्या गुरुजींनी शिकवावे, यावर वाद होता. त्या वादात एका पिढीची शाळा हुकली.

१८४४ च्या कायद्याने मधला मार्ग काढला. आठ ते तेरा वर्षांच्या मुलांनी दिवसाला साडेसहा तास काम करावे आणि तीन तास शाळेत बसावे, असे ठरले. अर्धवेळ काम आणि अर्धवेळ शाळा अशी ही पद्धत होती. शिक्षकाने दाखला स्वतःच्या अक्षरात लिहावा, असेही सांगण्यात आले. फुलीचा अनुभव वाया गेला नव्हता. गिरणीचे घड्याळ मागेपुढे करून मालक कामाची मिनिटे चोरत असत, म्हणून कामाची वेळ सार्वजनिक घड्याळावरून, उदाहरणार्थ जवळच्या रेल्वे स्थानकावरील घड्याळावरून, मोजावी अशीही तरतूद झाली. मात्र या लाभाची किंमतही द्यावी लागली : कामाला लागण्याचे किमान वय नवावरून आठवर आले.

दहा तासांची मागणी अजून अपुरीच होती. १८४४ मध्ये ॲश्ली यांच्या बाजूने सभागृहाचा कौल मिळाला, पण पंतप्रधान पील यांच्या सरकारने राजीनाम्याची धमकी देऊन तो फिरविला. याआधी १८४१ मध्ये पील यांनी पद देऊ केले असता ॲश्ली यांनी ते नाकारले होते, कारण दहा तासांच्या मागणीला पाठिंबा देण्यास पील तयार नव्हते.

१८४६ च्या आरंभी दुसराच प्रसंग ओढवला. धान्याच्या आयातीवरील कर रद्द करावा की राखावा, या प्रश्नावर ॲश्ली यांचे मत बदलले. ज्या मतदारांनी कर राखण्यासाठी त्यांना निवडून दिले होते, त्यांच्याशी प्रतारणा होऊ नये म्हणून त्यांनी संसदेच्या जागेचा राजीनामा दिला. त्यामुळे ८ जून १८४७ रोजी दहा तासांचा कायदा संमत झाला तेव्हा, चौदा वर्षे त्यासाठी झटलेले ॲश्ली सभागृहात नव्हते. तो मान जॉन फील्डन यांना मिळाला. फील्डन स्वतः गिरणीमालक होते आणि लहानपणी वडिलांच्या गिरणीत त्यांनी काम केलेले होते. ॲश्ली यांनी त्यांच्याविषयी असूया धरली नाही.

मालकांनी याही कायद्यातून पाळ्यांची पळवाट काढली. ती बुजविण्यासाठी १८५० मध्ये तडजोड झाली : कामाचे तास दहाऐवजी साडेदहा, पण काम सकाळी सहा ते सायंकाळी सहा या वेळेतच. ॲश्ली यांनी ती स्वीकारली, तेव्हा उत्तरेतील अनेक कामगारांनी त्यांना विश्वासघातकी ठरविले. अर्धा तास गेला, पण मोजता येईल असा दिवस हाती आला, असा त्यांचा विचार होता.

५.८ चिंध्यांच्या शाळा आणि धुराड्यांतील मुले

गिरणीतील मुलाला निदान कायद्याने शाळा दिली होती. लंडनच्या रस्त्यांवर भटकणाऱ्या, पुलांखाली झोपणाऱ्या मुलांना कोणत्याही शाळेचे दार उघडे नव्हते. त्यांचे कपडे फाटके, अंग मळलेले, म्हणून नेहमीच्या शाळा त्यांना घेत नसत. अशा मुलांसाठी काही सामान्य लोकांनी गोठ्यांतून, रिकाम्या खोल्यांतून रात्रीचे मोफत वर्ग सुरू केले होते. त्यांना रॅग्ड स्कूल, म्हणजे चिंध्या नेसलेल्यांच्या शाळा, असे म्हणत. १८४४ मध्ये या शाळांचा संघ स्थापन झाला. ॲश्ली त्याचे अध्यक्ष झाले आणि मृत्यूपर्यंत ते या शाळांशी जोडलेले राहिले. शाळांना ते स्वतः भेटी देत, मुलांना नावाने ओळखत. लेखन-वाचनाबरोबर येथे शिवणकाम, जोडे दुरुस्ती असे हातचे कसबही शिकविले जाई, कारण शाळेतून बाहेर पडताच पोट भरण्याचा प्रश्न उभा राहत असे.

धुराड्यांत चढणाऱ्या मुलांचा प्रश्न सर्वांत चिवट ठरला. अरुंद धुराड्यात चढून काजळी खरवडण्यासाठी लहान मुले वापरली जात. १७८८ पासून कायदे होत होते आणि मोडले जात होते. १८४० च्या कायद्याने एकवीस वर्षांखालील कोणालाही धुराड्यात चढविण्यास बंदी केली. पण या कामासाठी ब्रश उपलब्ध असतानाही घरमालकांना मुलेच हवी असत. हे गिरणीमालकांचे पाप नव्हते. सभ्य, सुशिक्षित कुटुंबांच्या दिवाणखान्यांत ते घडत होते. १८६४ मध्ये शाफ्ट्सबरी यांनी आणखी एक कायदा करवून घेतला, तोही निष्प्रभ ठरला. १८७५ मध्ये केंब्रिजजवळ धुराडे साफ करताना अडकलेला एक मुलगा दगावला. त्यानंतर त्याच वर्षी झालेल्या कायद्याने या धंद्यासाठी पोलिसांचा परवाना सक्तीचा केला, आणि मगच ही प्रथा थांबली. पहिल्या कायद्यापासून या कायद्यापर्यंत ८७ वर्षे गेली होती.

५.९ मुंबईच्या गिरण्या

शाफ्ट्सबरी यांच्या कार्याचा एक धागा थेट आपल्या भूमीशी येऊन जुळतो. मुंबईत कावसजी नानाभाई दावर यांनी १८५४ मध्ये पहिल्या कापडगिरणीची स्थापना केली आणि पुढील वीस वर्षांत या शहरात गिरण्यांची धुराडी दिसू लागली. येथेही मुले कामावर होती. त्यांच्या वयाला वा तासांना कसलीही मर्यादा नव्हती. १८७५ मध्ये मुंबईत चौकशी आयोग नेमला गेला. त्या दशकात शाफ्ट्सबरी यांनी वृद्धपणी हाउस ऑफ लॉर्ड्समध्ये हिंदुस्थानातील गिरण्यांमधील स्त्रिया आणि मुले यांचा प्रश्न उपस्थित केला. मुंबईत सोराबजी शापुरजी बंगाली यांनीही कायद्यासाठी खटपट केली.

या मागणीत लँकेशरच्या गिरणीमालकांचा स्वार्थ मिसळलेला होता. मुंबईचे स्वस्त कापड त्यांना बाजारात अडचणीचे होत होते. म्हणून येथील अनेक मालकांना आणि काही देशभक्तांनाही हा कायदा म्हणजे परक्यांचा डाव वाटला. तो संशय निराधार नव्हता. पण त्यामुळे यंत्राजवळ उभ्या असलेल्या सात वर्षांच्या मुलाचे श्रम कमी होत नव्हते.

१८८१ च्या पहिल्या हिंदुस्थानी कारखाना कायद्याने सात वर्षांखालील मुलांना कामास बंदी केली आणि सात ते बारा वर्षांच्या मुलांसाठी नऊ तासांची मर्यादा ठरविली. इंग्लंडमध्ये अठ्ठेचाळीस वर्षांपूर्वी नऊ वर्षांच्या मुलाला जे संरक्षण मिळाले, ते येथे सात वर्षांच्या मुलाला मिळाले. शाळेचा तर त्यात उल्लेखही नव्हता. पुढच्याच वर्षी, १८८२ मध्ये, महात्मा जोतीराव फुले यांनी हंटर आयोगापुढे निवेदन देऊन निदान बारा वर्षांपर्यंत प्राथमिक शिक्षण सक्तीचे करावे, अशी मागणी केली. कारखान्याचा कायदा ज्या वयानंतर मुलाला मूल मानीत नव्हता, निदान त्या वयापर्यंत त्याला शाळेत ठेवावे, असाच या मागणीचा व्यवहारात अर्थ होता. फुले यांचे सहकारी नारायण मेघाजी लोखंडे यांनी १८८४ मध्ये मुंबईच्या गिरणी कामगारांच्या सभा घेऊन आठवड्याची सुटी आणि कामाच्या वेळेची मर्यादा मागितली. १८९१ च्या कायद्याने किमान वय नऊवर नेले आणि चौदा वर्षांखालील मुलांसाठी सात तासांची मर्यादा घातली. शाफ्ट्सबरी यांनी संसदेत जे काम केले, ते येथे कामगारांमधूनच पुढे आलेल्या चळवळीने नेले, हा फरक आपण लक्षात ठेवावा.

५.१० मर्यादा आणि अखेर

चरित्रनायकाच्या गुणांबरोबर त्याच्या मर्यादाही सांगणे हे चरित्रकाराचे कर्तव्य असते. गिरणीमालक शाफ्ट्सबरी यांना एक टोमणा नेहमी मारीत : गिरण्यांकडे बोट दाखविणाऱ्याने आधी आपल्या डॉर्सेट परगण्यातील शेतमजुरांच्या झोपड्या पाहाव्यात. त्या टोमण्यात तथ्य होते. १८४३ मध्ये ॲश्ली यांनी डॉर्सेटमधील मजुरांच्या दुःस्थितीवर जाहीरपणे बोलून स्वतःच्या वडिलांचा रोष ओढवून घेतला. १८५१ मध्ये जहागिरी हाती आली ती कर्जासह. त्यांनी ऋण काढून मजुरांसाठी घरे आणि शाळा बांधल्या, पण सर्व झोपड्या सुधारणे त्यांना शक्य झाले नाही.

दुसरी मर्यादा विचारांची होती. कामगारांवर त्यांचे प्रेम होते, पण कामगारांच्या हाती मताधिकार जावा हे त्यांना रुचत नव्हते. १८७० च्या शिक्षण कायद्याने गावोगावी शाळा मंडळे स्थापन करण्याचा मार्ग मोकळा झाला, तेव्हा त्यांना आनंदापेक्षा चिंता अधिक वाटली. सरकारी शाळेत धर्मशिक्षण मागे पडेल, अशी त्यांना भीती होती. नव्या शाळांमुळे चिंध्यांच्या शाळा ओस पडू लागल्या. आपल्याच कार्याची ही परिणती आहे, हे त्यांना पूर्णपणे मानवले नाही. त्यांच्या दृष्टीने शिक्षण ही मुलाला प्रेमाने द्यावयाची गोष्ट होती. मुलाने हक्काने घ्यावयाची गोष्ट ती अजून झाली नव्हती. १८८० मध्ये पाच ते दहा वर्षांच्या मुलांना शाळा सक्तीची झाली. अर्धवेळ मजुरीची पद्धत १८१८ मध्ये नव्हे, तर शंभर वर्षांनी, १९१८ च्या शिक्षण कायद्याने रद्द ठरली.

घरगुती दुःखेही त्यांच्या वाट्याला आली. दहा अपत्यांपैकी काहींचा मृत्यू त्यांना पाहावा लागला आणि १८७२ मध्ये पत्नीचे निधन झाले. १ ऑक्टोबर १८८५ रोजी फोकस्टन येथे त्यांनी देह ठेवला. वेस्टमिन्स्टर ॲबे येथे प्रार्थना झाली, पण दफन त्यांच्या इच्छेनुसार गावाकडील लहान चर्चमध्ये झाले. लंडनच्या पिकाडिली चौकात १८९३ मध्ये उभारलेले पंखधारी मूर्तीचे कारंजे त्यांचे स्मारक आहे. तेथून जाणाऱ्या बहुतेकांना ते कोणाचे, हे ठाऊक नसते.

५.११ सारांश

शाफ्ट्सबरी यांच्या जीवनातून एक गोष्ट स्पष्ट होते. करुणा ही सुधारणेची सुरुवात असते. पण ती व्याख्येत, वेळापत्रकात, दाखल्यात आणि निरीक्षकाच्या वहीत उतरली नाही, तर मुलापर्यंत पोहोचत नाही. प्रत्येक कायद्याची पळवाट पुढील कायद्याचे कलम ठरली. वयाची मर्यादा घातली तेव्हा जन्मनोंदीची गरज कळली. तासांची मर्यादा घातली तेव्हा घड्याळाची. शाळेची अट घातली तेव्हा चांगल्या शिक्षकाची. आणि मुलाला कामापासून खऱ्या अर्थाने दूर ठेवले ते शाळेने, कारण कायद्याने रिकामा केलेला दिवस तिनेच भरून काढला.

विद्यार्थी मित्रहो, आपल्यापैकी काहींची शाळा लहान वयात कामामुळे सुटली असेल आणि आज नोकरी-घर सांभाळून आपण हा घटक वाचत असाल. दिवसभराच्या कामानंतर पुस्तकासाठी उरलेला तासही किती झगड्यांतून मिळाला आहे, हे आपणांस वेगळे सांगावयास नको.

५.१२ स्वयंअध्ययनासाठी प्रश्न

१. १८१९ आणि १८३३ च्या कायद्यांतील मुख्य फरक स्पष्ट करा.
२. १८४४ च्या कायद्यातील शाळाविषयक तरतुदींची आवश्यकता का निर्माण झाली?
३. मुंबईच्या गिरण्यांसंबंधीच्या कायद्यामागे कोणकोणते हेतू एकत्र आले होते, ते सांगा.
४. शाफ्ट्सबरी यांच्या विचारांतील मर्यादांमुळे त्यांच्या कार्याचे मोल कमी होते का? आपले मत सकारण लिहा.
५. आपल्या परिसरातील एखाद्या वृद्ध व्यक्तीशी बोलून, तिच्या बालपणी काम आणि शाळा यांची सांगड कशी घातली जात असे, यावर सुमारे २०० शब्दांत टिपण तयार करा.